मामांच्या वहीतल्या सह्या खऱ्या का आणि किमतीच्या किती, हे बेळगावात बसून कसं ठरवलं

गवई-वादकांच्या जुन्या सह्या घरात निघाल्या तर पुढं काय करायचं, याबद्दल मला मराठीत काहीच मिळालं नाही. जे मिळालं ते क्रिकेटवाल्यांचं, नाहीतर परदेशी बँडवाल्यांचं. म्हणून जून २०२४ पासून मार्च २०२५ पर्यंत मी जे केलं ते क्रमानं लिहून ठेवतेय, खर्चासकट.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. नोकरी बँकेत आणि उरलेला सगळा जीव गाण्यात. बेळगावात बाहेरून कलाकार यायचे तेव्हा स्टेशनवर उतरवून घ्यायला, चहापाण्याचं बघायला, तंबोरे आणायला-पोचवायला जी ठरलेली चार माणसं असायची त्यातले हे एक. २०२३ मध्ये ते गेले. मामी पुण्याला लेकीकडं जायची म्हणून टिळकवाडीचं घर आवरायला काढलं, तेव्हा कपाटात वरच्या फळीवर पत्र्याचा डबा मिळाला. आत एक ऑटोग्राफ बुक, ती गुलाबी-पिवळ्या-निळ्या पानांची असायची तसली. शिवाय पंडित रविशंकर यांची सही असलेली एक एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, एक पोस्टकार्ड, खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा एक फोटो आणि कार्यक्रमपत्रिकांचा गठ्ठा. वहीत नावं बघितली तर गंगूबाई हनगल, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, बसवराज राजगुरू, आपल्या बेळगावचे रामभाऊ विजापुरे, आणि कितीतरी साथीदार ज्यांची नावं आता कुणाला आठवतही नसतील.

मामी म्हणाली, "विकायचं न्हाई गं काय, पण काय हाय ते तरी कळू दे की. उद्या कोण तरी येऊन हजार रुपयाला घेऊन जाईल." तिच्या लेकीचं म्हणणं होतं की घराच्या इन्शुरन्समध्ये घालायचं तर किंमत लागणार. आणि किंमत काढायची तर आधी सही खरी हे दाखवावं लागणार. सुरुवात अशी झाली.

पहिल्यांदा गेले ती जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडं. त्यानं वही चाळली आणि थेट सांगितलं की भीमसेनजींचं आणि कुमारजींचं पान कापून द्या, पाच हजार देतो, बाकीच्याला गिऱ्हाईक नाही. मला त्या क्षणी पोटात कसंतरीच झालं. एकतर कुमार गंधर्व इथल्याच सुळेभावीचे, आणि त्यांचं पान वहीतनं कापायचं म्हणजे ते कुठल्या वहीत होतं, मागच्या-पुढच्या पानावर कोण होतं, हे सगळं पुसून टाकायचं. नंतर कळलं की पैशाच्या हिशेबानंही ते चुकीचंच. सुटं पान कुणीही बनवू शकतो, पण साठ-सत्तर पानांची आख्खी वही, त्यात बारीकसारीक तबलजींच्याही सह्या आणि सगळीकडं एकाच माणसाच्या हातच्या तारखा, ही बनवणं जवळजवळ अशक्य. तेव्हा कुणी कितीही घाई केली तरी पान सुटं करू नका, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. आपल्या बेळगावच्या पावसात कागद ओल धरतो आणि कसर लागते, म्हणून मी आधी वही कोरड्या कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवली, पुड्या कागदाला टेकू न देता.

मग जुलैभर घरीच तपासणी केली. ओळखीच्या सराफांनी त्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग आठवडाभर वापरायला दिलं. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च मी ऑनलाइन साडेतीनशेला घेतला. एवढ्या दोन वस्तूंनी इतकं दिसतं यावर माझा विश्वास बसत नव्हता. शाईपेनची रेघ भिंगातून बघितली की जिथं जोर दिलाय तिथं निबाची दोन टोकं फाकून दोन्ही कडा गडद झालेल्या दिसतात. बॉलपेनची रेघ वेगळी, वळण संपलं की शाईची बारीक गुठळी पडते आणि कागदाला खळगा पडतो. गुलाबी पानावरची एक सही शाईपेनची, ओली असतानाच वही मिटलेली, त्यामुळं समोरच्या पिवळ्या पानावर तीच सही उलटी, फिकट उमटलीय. आणि त्या फिकट ठशाच्या वरून पिवळ्या पानावरची पुढची सही गेलीय. म्हणजे गुलाबी पान आधी भरलं, पिवळं नंतर, आणि मामांच्या तारखाही तसंच सांगतात. हे बघितलं तेव्हा मी एकटीच खोलीत होते, तरी मोठ्यांदा "अरे वा" म्हणाले.

जांभळ्या उजेडात साधारण १९५० नंतरचे पुष्कळ कागद निळसर पांढरे चमकतात, कारण कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात एक द्रव्य घालायला लागले. जुना कागद मंद राहतो. चमकला नाही म्हणून जुना असं नक्की म्हणता येत नाही, पण १९४० ची सही म्हणून सांगितलेला कागद लखलखला तर प्रश्न उभा राहतोच.

खाँसाहेबांच्या फोटोचं याच टप्प्यावर मिटलं. फोटोवर खाली निळ्या बॉलपेननं त्यांचं नाव आहे आणि घरात सगळे "खाँसाहेबांची सही" म्हणत आले. खाँसाहेब १९३७ मध्ये गेले आणि अमेरिकेतसुद्धा बॉलपेन दुकानात विकायला आलं ते १९४५ मध्ये. आपल्याकडं तर आणखी नंतर. मामा मिरजेला खाँसाहेबांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला जायचे, तिथनंच कधीतरी फोटो आणून ओळखीसाठी नाव घातलं असणार, अक्षरही मामांचंच. मामीला सांगताना जीव खालीवर झाला, पण ती शांतपणे म्हणाली, "असू दे की, फोटो तर खरा हाय न्हवं."

फोटो आणि रेकॉर्डच्या कव्हरवर छापील सह्याही असतात. भिंगाखाली छापील सही बारीक ठिपक्यांची बनलेली दिसते, हातची सही सलग रेघ. कव्हर तिरकं धरून उजेड पाडला तर हातची शाई चकाकीच्या वर बसलेली कळते. आमच्या रविशंकरांच्या एलपीवर शाई वरच आहे. आणखी एक साधी गोष्ट, सही कधीही त्या रेकॉर्डच्या आधीची असू शकत नाही, तेव्हा कव्हरवरचं छपाईचं साल आणि सांगितलेली तारीख जुळवून बघायची.

पोस्टकार्डावर तारीख नव्हती, शिक्का पुसट. ते एका मोठ्या गायकांचं आहे, नाव इथं देत नाही कारण त्यांच्या घरच्यांना विचारणं अजून चालू आहे. पण पत्त्यात पिन कोड नाही, आणि पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. पिन न घालता लोक नंतरही लिहायचेच, म्हणून एवढ्यावर भागत नाही. पाठवणाऱ्याच्या रबरी शिक्क्यात मात्र "म्हैसूर राज्य" आहे, आणि राज्याचं नाव कर्नाटक झालं १ नोव्हेंबर १९७३ ला. आपल्या सीमाभागात ही एक सोय आहे, १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात, मग म्हैसूर, मग कर्नाटक, त्यामुळं राज्याच्या नावावरून कागदाचा काळ कळतो. कार्यक्रमपत्रिकेवर तिकिटाचा दर "नये पैसे" असा असेल तर ती १९५७ ते १९६४ मधली धरायला हरकत नाही.

ऑगस्टात वाचनालयात जायला लागले. मामांनी प्रत्येक सहीखाली तारीख घातलीय, तेव्हा त्या तारखेच्या आसपासचे 'तरुण भारत'चे जुने अंक बघायचे आणि कार्यक्रमाची जाहिरात किंवा बातमी मिळते का शोधायचं. सोबत ओळखपत्र आणि एक साधा अर्ज न्या, तारखांची यादी आधी करून न्या, कारण जुने बांधीव अंक एकावेळी थोडेच काढून देतात आणि पानं इतकी खुसखुशीत झालेली असतात की पटापट उलटता येत नाहीत. झेरॉक्स करू देत नाहीत, मोबाईलनं फोटो काढायचा तर फ्लॅश बंद ठेवून. काही दिवस काहीही मिळालं नाही. काही तारखांना कार्यक्रम आदल्या दिवशी झालेला निघाला, म्हणजे मामांनी सही रात्री बारानंतर घेतली असणार, जे मैफलीच्या हिशेबानं बरोबरच आहे. वहीतल्या निम्म्याहून जास्त तारखांना छापील पुरावा मिळाला आणि माझ्या मते या सगळ्या उठाठेवीतलं सर्वात मोलाचं काम हेच.

त्याच वाचनालयात एका गृहस्थांनी सुचवलं ते मला आयुष्यात सुचलं नसतं. म्हणाले, कार्यक्रमपत्रिका काय बघताय, व्हाउचर बघा. कलाकाराला बिदागी दिली की संस्था पावती घ्यायची, रेव्हेन्यू स्टॅम्पवर आडवी सही. ती सही कुणी हौसेनं बनवत नाही, तारीख असते, रक्कम असते, चिटणिसाचीही सही असते. तुलनेसाठी याच्याइतकी चांगली सही दुसरी नाही. एका जुन्या संस्थेच्या हिशेबाच्या फायली एका पदाधिकाऱ्यांच्या माळ्यावर होत्या. परवानगीला वेळ लागला, गणपती झाले, दसरा झाला, शेवटी दिवाळीनंतर त्यांनी बोलावलं. टाचण्या गंजून कागदाला चिकटलेल्या, त्या मी ओढल्या नाहीत, तशाच ठेवून फोटो काढले. वहीतल्या पाच कलाकारांच्या पावत्या मिळाल्या.

सही जुळवताना मी आधी अक्षराचा आकार बघत होते. आकार तर नक्कल करणारा आधी उचलतो. बघायचं ते रेघेचा वेग, पेन कुठं उचललं, सुरुवात-शेवट टोकदार आहे की बोथट, कारण हळूहळू चितारलेल्या सहीत रेघ थरथरते आणि टोकं बोथट होतात. वयाचाही विचार हवा, चाळिशीतली सही सत्तरीतल्या सहीशी जुळवून उपयोग नाही, त्याच दशकातली शोधायची. आणि आपल्याकडच्या कलाकारांचं आणखी एक, कानडी, देवनागरी, इंग्रजी अशा तिन्ही लिपींत सह्या मिळतात, तेव्हा कानडी सहीला कानडीच नमुना हवा. माझं कानडी वाचन कामापुरतं आहे, म्हणून शेजारच्या कन्नड शिकवणाऱ्या टीचरना बसवून घेतलं.

धारवाडलाही जाऊन आले. मल्लिकार्जुन मन्सूरांचं 'मृत्युंजय' हे घर स्मारक म्हणून जपलंय. कागदाच्या कामासाठी जरी गेलात तरी तिथं जरा वेळ काढा.

नोव्हेंबरात हस्ताक्षरतज्ज्ञ. सरकारी कागदपत्र परीक्षक खाजगी माणसाचं काम घेत नाहीत, त्यांच्याकडं कोर्टाची आणि सरकारी खात्यांची प्रकरणं जातात. म्हणून कोर्टात साक्ष देणारे खाजगी तज्ज्ञ शोधावे लागले, ते हुबळीत मिळाले. फी एका सहीला अडीच हजार. सगळी वही परवडणारी नव्हती, तीन सह्या निवडल्या, ज्यांच्या पावत्या हातात होत्या त्याच. व्हॉट्सअपवरच्या फोटोवर मत देत नाही, मूळ कागद आणा असं त्यांनी स्पष्ट सांगितलं, आणि तसं सांगणारा माणूसच बरा. वही मी त्यांच्याकडं ठेवली नाही, समोर बसून तपासून घेतली. रिपोर्ट तीन आठवड्यांनी आला, इंग्रजीत, फोटोंवर बाण काढून. दोन सह्यांना "एकाच व्यक्तीच्या असण्याची दाट शक्यता", तिसरीला "नमुने अपुरे". शंभर टक्के असं कुणी लिहून देत नाही हे आधीच मनाशी धरा, म्हणजे रिपोर्ट उघडताना हिरमोड होत नाही.

रविशंकरांच्या एलपीचं वेगळं. त्यांच्या सहीला परदेशात संग्राहक आहेत, माँटेरे आणि वुडस्टॉक हे अमेरिकेतले संगीत महोत्सव, १९७१ चा बांगलादेशासाठीचा कार्यक्रम, बीटल्स या इंग्लंडच्या बँडमधले जॉर्ज हॅरिसन, या सगळ्यामुळं. अमेरिकेत पीएसए, जेएसए, बेकेट अशा सह्या तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या कंपन्या आहेत. तिकडं हा धंदा इतका वाढला कारण खोट्या सह्याही तितक्याच. बीटल्सच्या बाबतीत तर त्यांचे सोबती नील अस्पिनॉल आणि मॅल एव्हन्स हेच चौघांच्या वतीनं सह्या करून द्यायचे, त्यामुळं चाहत्याकडं प्रामाणिकपणे आलेली सहीही त्यांची नसू शकते. आपल्याकडंही शिष्यांनी गुरूंच्या वतीनं पत्रं लिहिलेली असतात, तेव्हा पत्राचा मजकूर आणि सही एकाच हातची आहे का हे बघायचंच. मी फोटो पाठवून नुसतं ऑनलाइन मत घेतलं, हजाराच्या आत खर्च, उत्तर आलं "खरी असण्याची शक्यता". पूर्ण सर्टिफिकेटला एलपी तिकडं पाठवावी लागते, ते मी केलं नाही. कुणाला पाठवायचंच असेल तर एक कायदा माहीत असू दे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि कागदपत्रं ७५ वर्षं जुनी झाली की पुरावस्तूत येतात आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. आमची एलपी त्यात बसत नव्हती, पण आजोबांच्या काळचं पत्र असेल तर बसू शकतं.

परदेशी कंपन्यांकडं राजगुरू किंवा विजापुरे मास्तरांच्या सहीचे नमुने कुठून असणार? आपल्या कलाकारांसाठी कागदाची साखळी आपणच उभी करावी लागते. त्यातली शेवटची कडी म्हणजे माणसं. मामांचे एक मित्र इथंच बेळगावच्या शहापुरात आहेत, तबला वाजवायचे, आता पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांना वही दाखवली तर चष्मा न लावता पानाच्या रंगावरून कार्यक्रम सांगायला लागले, आणि मी लिहून घ्यायला पुरी पडेना. "हितं सही घेताना तुझा मामा उभा हुता आणि मी पेटी धरून," असं म्हणून ते थांबले आणि बराच वेळ त्या पानावर बोट ठेवून बसले. मी त्यांचं बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड केलं आणि जानेवारीत त्यांचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं. शंभरचा ई-स्टॅम्प सहकारी सोसायटीतनं घेतला, नोटरीचे तीनशे. नोटरींनी मराठी मसुदा घेतला नाही, कानडी किंवा इंग्रजी पाहिजे म्हणाले. मग इंग्रजीत केलं आणि खाली "मजकूर मराठीत वाचून दाखवला, समजला व मान्य" हे वाक्य घालायला लावलं. हे वाक्य विसरू नका. काकांना दोन जिने चढवणं शक्य नव्हतं म्हणून नोटरींना खाली रिक्षापर्यंत यायची विनंती केली, ते आले, मनापासून आभार.

फेब्रुवारीत किंमत. किंमत एकच नसते हे मला इथं कळलं. व्यापारी देतो ती एक, लिलावात अपेक्षित ती दुसरी, आणि वस्तू गेली तर तशी परत मिळवायला लागेल ती इन्शुरन्सची तिसरी, सगळ्यात जास्त. मुंबईच्या एका लिलाव संस्थेला प्रत्येक पानाचे पुढून-मागून फोटो, मापं, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, पावत्या, रिपोर्ट, प्रतिज्ञापत्र असं सगळं एका पीडीएफमध्ये पाठवलं. महिना गेला उत्तर नाही, आठवण केल्यावर आलं. वही एकत्र ठेवली तर ३५ ते ५० हजार, एलपी वेगळी १५ ते २० हजार, विकल्यास त्यांचं कमिशन त्यातनं जाणार. कागदपत्रं नसती तर आम्ही वही घेतलीच नसती असं त्यांनी लिहिलं. मला आकडा थोडा कमी वाटला, खरं सांगायचं तर वाईटही वाटलं, ज्यांच्या एका तानेसाठी लोक रात्रभर बसायचे त्यांच्या सहीला एवढेच? पण शास्त्रीय संगीतातल्या सह्यांना घेणारे आपल्याकडं थोडे, आणि किंमत घेणाऱ्यांवरच ठरते.

इन्शुरन्सवाल्यांकडं भारत गृह रक्षा पॉलिसी आहे. त्यात मौल्यवान वस्तूंचं वाढीव कव्हर मिळतं, एकूण ५ लाखांपर्यंत आणि एक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर व्हॅल्युएशन सर्टिफिकेट मागत नाहीत. पण त्याच पॉलिसीत हस्तलिखितं आणि कागदपत्रं वगळलेली असतात, स्पष्ट उल्लेख केला असेल तरच धरतात. आम्हाला आलेल्या पहिल्या कागदात नुसतं "मौल्यवान वस्तू" होतं, ते परत पाठवून "सह्यांची वही व सही असलेली ध्वनिमुद्रिका" असं वर्णन घालून घेतलं. हे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. तज्ज्ञ, टॉर्च, ऑनलाइन मत, पारदर्शक पॉलिएस्टर पाकिटं, नोटरी आणि बसभाडं धरून सगळा खर्च बारा हजारांच्या आसपास गेला.

वही आता मामीकडं पुण्यात आहे, स्कॅन माझ्याकडं आणि एक प्रत शहापूरच्या काकांकडं. वहीतल्या काही तारखांचा पुरावा अजून मिळायचाय, विशेषतः १९६० ते १९६५ मधल्या. निपाणी, चिकोडी, खानापूर भागात कुणाच्या घरी त्या वर्षांतल्या मैफलींच्या पत्रिका किंवा बिदागीच्या पावत्या असतील तर कळवा, मूळ कागद नको, तारीख दिसेल असा फोटो पुरे, आणि टाचणी गंजली असेल तर काढू नका.